अंगणातील सावली कोणत्या झाडाची असावी ?

अलीकडे खेडोपाडी सिमेंटच्या पक्क्या घरांचा प्रघात पडला आहे, आणि तो वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. ओल, वाळवी, उंदीर, घुशी यांपासून अशा घरात पुष्कळ बचाव होतो. परंतु जुन्या धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत व वरचे माळवद ऊन जसे बाहेरच्या बाहेर थोपवून धरीत, तसे विटांच्या पातळ भिंतीस व वरच्या स्लॅबास साधत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खालच्या माणसांवर उष्णता सोडीत राहतो. पत्र्याच्या घराची गोष्ट तर बोलावयासच नको. त्यात घर बांधताना आड येते म्हणून अंगणातील जुने झाड आधी जाते, आणि घर उभे राहिल्यावर राहिलेल्या जागेत फरशी बसते. मग पहिल्याच वैशाखात घरधन्यास सावलीची आठवण होते, आणि तो रोपवाटिकेत जाऊन विचारतो, "लवकर वाढणारे कोणते झाड आहे ?" आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे आणि त्याच्या जागी कोणता प्रश्न विचारावा, एवढेच सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

सावली ही हौसेची बाब राहिलेली नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. चंद्रपूर, अकोला, नागपूर या बाजूस पारा ४५ अंशांवर जाण्याचे आता कोणास नवल वाटत नाही. पण ऊन बाधावयास पारा तितका चढावा लागतो असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर भरलेल्या समारंभात उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या दिवशी तेथे पारा चाळिसाच्या आतच होता. डोक्यावर सावली नाही, हवेत दमटपणा आहे आणि माणूस तासन् तास उन्हात बसला आहे, एवढे कारण पुरे झाले. घरातील म्हातारी माणसे, तान्ही मुले, बाळंतिणी आणि दावणीची जनावरे ही उन्हाळ्याच्या दुपारी घर सोडून कोठे जाऊ शकत नाहीत. त्यांचा उन्हाळा अंगणातील झाडावरच निभावतो. कपड्याचा मांडव नुसते ऊन अडवितो. झाड ऊन अडवून शिवाय पानांवाटे पाण्याची वाफ सोडते व भोवतालची हवा निववते. म्हणून मांडवाखालच्या व झाडाखालच्या सावलीत जो फरक आहे, तो कोणा शेतकऱ्यास सांगावयास नको.

हल्ली प्रत्येकाच्या हातातील फोनवर दूरदेशच्या बागांची चित्रे दिसतात, आणि त्या चित्रांखाली सल्लाही असतो. त्यांत अमेरिकेतील एका झाडाची मोठी वाखाणणी आढळते. त्यास तिकडे ट्युलिप पॉप्लर म्हणतात. ट्युलिप म्हणजे थंड देशांतील बागांत मिरवणारे पेल्याच्या आकाराचे फूल; या झाडाची पिवळट हिरवी, आत नारिंगी पट्टा असलेली फुले तशीच दिसतात म्हणून हे नाव. पॉप्लरशी त्याचे नाते नाही. ते आपल्या सोनचाफ्याच्या कुळातील आहे. झाड खरोखरच देखणे व सरळ. केंटकी, टेनेसी व इंडियाना या तिन्ही राज्यांनी त्यास आपला राज्यवृक्ष मानले आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी माउंट व्हर्नन येथील आपल्या घराच्या आवारात १७८५ साली ही झाडे लावविली, आणि त्यांपैकी काही सव्वादोनशेहून अधिक वर्षे उभी राहिली. वाढही झपाट्याची. हे सर्व वाचून आपल्याकडील एखाद्या हौशी गृहस्थास ते अंगणात लावावेसे वाटले, तर त्यात नवल नाही.

परंतु त्या झाडाचे गुण ज्या मातीत व ज्या हवेत प्रकट होतात, ती माती व हवा निराळी आहे. त्यास खोल, भुसभुशीत, बारमाही ओलसर जमीन लागते व हिवाळ्यात चांगली थंडी लागते. पाऊस थोडा लांबला की तिकडेही ते ऐन उन्हाळ्यात पाने पिवळी करून टाकू लागते. त्यावर मावा पडतो व त्या माव्याचा चिकटा खाली उभ्या केलेल्या गाडीवर, ओट्यावर ठिबकतो. लाकूड हलके असल्याने वादळात व बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडतात. म्हणून तिकडील जाणतेच ते घरास खेटून न लावता दूर लावावयास सांगतात. त्या देशात हे दोष सोसूनही झाड उपयोगी पडते, ते एका मोठ्या कारणाने. तेथे कडक ऊन जून ते ऑगस्ट या महिन्यांत पडते, आणि त्याच वेळी ते झाड पानांनी भरलेले असते. थंडी आली की ते पाने टाकून देते व घरावर कोवळे ऊन येऊ देते. म्हणजे झाडाचे पंचांग व घरधन्याचे पंचांग यांचा तेथे मेळ बसतो.

आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट उलट आहे. आपले कडक ऊन फाल्गुनापासून मृगाच्या पावसापर्यंत. जून-जुलै-ऑगस्टात आकाश ढगांनी झाकलेले असते. त्या वेळी सावलीचे काम ढगच करतात. तेव्हा आपल्या अंगणासाठी झाड निवडताना "लवकर वाढेल काय ?" हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न "चैत्र-वैशाखात अंगावर पाने असतील काय?" हा होय. आणि तिसरा, "वळवाच्या वाऱ्यात टिकेल काय ?" हा. या तीन प्रश्नांच्या याच क्रमाने आपल्या ओळखीची झाडे एकदा तपासून पाहावीत, म्हणजे कोणते ठेवावे व कोणते टाळावे हे आपोआप उलगडते.

गुलमोहर घ्या. हे मादागास्कर बेटातील झाड. एकोणिसाव्या शतकात इकडे आले व रस्त्यारस्त्यांवर पसरले. वैशाखात ते पेटल्यासारखे लाल दिसते, याबद्दल वाद नाही. पण माघ-फाल्गुनात ते पाने टाकते, फुले येतात तेव्हाही पानांचा भर नसतो, आणि छत्री पुरती भरते ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे सावली हवी तेव्हा फुले, आणि नको तेव्हा सावली. त्यात मुळे वरवरची व लाकूड ठिसूळ. पहिल्या वळवात रस्त्यावर आडवी झालेली झाडे मोजली तर त्यांत गुलमोहर पुष्कळ सापडतील. शोभेसाठी बांधाच्या कोपऱ्यावर ते असावे, घराशेजारी नसावे.

दुसरे झाड पिचकारीचे. मुले याच्या कळ्या दाबून पाण्याची चिळकांडी उडवितात म्हणून हे नाव. हे आफ्रिकेतील; इंग्रजीत त्यासही ट्युलिपचेच नाव आहे, आणि त्या नावाच्या मोहाने ते विकलेही जाते. फूल भडक केशरी, वाढ जलद. परंतु लाकूड इतके मऊ की पक्षी त्यात सहज ढोली करतात, आणि जोराच्या वाऱ्यात मोठमोठ्या फांद्या खाली येतात. जगातील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवजातींची जी यादी निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या तज्ज्ञांनी केली आहे, तीत या झाडाचे नाव आहे. पॅसिफिक महासागरातील बेटांवर त्याने रानेच्या राने व्यापिली आहेत.

तिसरे पर्जन्यवृक्षाचे. हे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आले. याची सावली उत्तम व विस्तीर्ण, शेंगा गुरे आवडीने खातात, यात संशय नाही. पण त्याचा पसारा शंभर फुटांवर जाऊ शकतो. बाजारतळ, शाळेचे मैदान, चावडी येथे ते शोभते. दोन गुंठ्यांच्या आवारात ते लावणे म्हणजे झोपडीच्या दारी हत्ती बांधणे होय. कोनोकार्पस म्हणून एक हिरवेगार झाड हल्ली कुंपणाकरिता व सावलीकरिता घाईने लावतात. शेजारच्या गुजरात सरकारने २०२३ साली ते लावण्यास मनाई केली. त्याच्या परागांमुळे सर्दी, दमा, खोकला उद्भवतो आणि त्याची मुळे गटारे व जमिनीखालच्या तारा-नळ बिघडवितात, अशी कारणे दिली. लवकर हिरवे होणे हा एकच गुण पाहून केलेल्या निवडीचा शेवट असा होतो.

आता आपल्या घरच्यांकडे वळू. ट्युलिपचे नाव इंग्रजांनी आपल्या एका झाडासही दिले आहे, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असेल. ते म्हणजे पारोसा पिंपळ; कोकणात यास भेंड अथवा भेंडी म्हणतात. पान पिंपळासारखे हृदयाकृती, फूल पिवळे, आत तांबडा डोळा. सकाळी उमललेले पिवळे फूल संध्याकाळपर्यंत तांबूस होऊन गळते. झाड बारमाही हिरवे, मध्यम उंचीचे, दाट सावलीचे. खाऱ्या वाऱ्यास व खाऱ्या जमिनीस ते दाद देत नाही. लाकूड चिवट व टिकाऊ. गाड्यांची चाके, होड्या, वल्ही यांकरिता ते पूर्वापार वापरीत आले आहेत. फांदी रोवली तरी लागते. तथापि बियांपासून केलेले झाड अधिक सरळ व निकोप होते. समुद्रकाठच्या व खाडीकाठच्या घरांस याच्यासारखे सावलीचे झाड शोधून सापडणार नाही, आणि तरी रोपवाटिकेत त्यास कोणी विचारीत नाही. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. हे झाड कपाशीच्याच कुळातील असल्याने कपाशीवरचे लाल ढेकूण यावर आश्रय घेतात. यास्तव विदर्भ-खानदेशातील कपाशी पिकविणाऱ्यांनी ते शेताजवळच्या वस्तीवर लावू नये.

देशावरील, मराठवाड्यातील व विदर्भातील घरांस आमचा कौल कडुनिंबास आहे. निंब पाने टाकतो ती माघ-फाल्गुनात, आणि चैत्र लागतो न लागतो तोच नव्या पालवीने भरतो. गुढीपाडव्यास आपण जी कोवळी पाने व मोहोर गुळाबरोबर खातो, तीच याची दरसालची साक्ष आहे. म्हणजे थंडीच्या अखेरीस अंगणात ऊन येऊ देणे आणि ऊन चढताच छत्री धरणे, हे त्याचे काम आपल्या पंचांगाशी तंतोतंत जुळते. मुळे खोल जातात, हलक्या मुरमाड जमिनीत व थोड्या पावसात ते जगते. या गुणांची पारख परदेशानेही केली आहे. मक्केजवळच्या अराफतच्या उघड्या मैदानात यात्रेकरूंना सावली व्हावी म्हणून सुमारे ५० हजार निंब लावण्यात आले. आपल्या दारचे झाड अरबस्तानच्या वाळवंटात माणसांवर छाया धरते आणि आपण मादागास्कर व आफ्रिका धुंडाळतो, याला काय म्हणावे !

निंबासही दोष आहेत. पाणी साचणाऱ्या जमिनीत तो कुजतो; कोकणच्या धो धो पावसात तो रमत नाही. निंबोळ्या पिकल्या की पाखरांची व माश्यांची गर्दी होते. २०२१ साली तेलंगणात निंबांचे शेंडे वाळण्याचा रोग मोठ्या प्रमाणावर दिसला. बहुतेक झाडे पुढे पुन्हा फुटली, पण गावभर एकाच जातीचे झाड असू नये हा धडा त्यातून घ्यावा. म्हणून शेजाऱ्याच्या अंगणात निंब असल्यास आपण करंज लावावा. करंजही उन्हाळ्याच्या आरंभी पाने बदलून चैत्रात पोपटी होतो, त्याची सावली निंबाहून दाट, आणि गुरे-शेळ्या त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. ओढ्याकाठच्या ओलसर जमिनीत तर तो निंबाहून बरा. कोकणात भेंडीखेरीज बकुळ, सुरंगी, उंडी ही बारमाही हिरवी झाडे आहेत. सावलीबरोबर फुले किंवा तेलाचे बी मिळते ते वेगळेच.

आंबा, फणस, चिंच, जांभूळ यांची सावलीही उत्तम आणि वर फळ. परंतु ही लावताना एक गोष्ट माहीत असावी. महाराष्ट्रातील झाडे तोडण्याविषयीच्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत ही चारही झाडे आहेत. ती आपल्या मालकीची असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा निराळा कायदा लागू आहे. अनेक गावांची हद्द शहरात जात आहे, हेही लक्षात ठेवावे. कायद्याचा बाऊ करून झाड लावू नये असे आम्ही म्हणत नाही. उलट जे झाड तोडणे कठीण, ते लावताना जागा नीट पाहावी, एवढेच सुचवितो.

जागेचा प्रश्न झाडाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. विलायती पुस्तके घराच्या दक्षिणेस व पश्चिमेस झाड लावावयास सांगतात. त्यांच्या देशात सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, सदा दक्षिणेकडे कललेला असतो. आपल्याकडे पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यास व नागपुराकडे मेच्या अखेरीस भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीस ऊन असे लागतच नाही. खरा मार असतो तो पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारी तीन ते सहा. शिवाय मे महिन्यात सूर्य मावळतो तो पश्चिमेच्या थोडा उत्तरेस. म्हणून झाड घराच्या पश्चिमेस, किंचित वायव्येकडे झुकते असे असावे. पंचवीस फूट उंचीचे झाड भिंतीपासून वीस फुटांवर असेल, तर मेच्या मध्यास चार वाजता त्याची सावली भिंतीवर सात-आठ फुटांपर्यंत चढते आणि पाचच्या सुमारास छपराला भिडते. पूर्व व दक्षिण बाजू मोकळ्या ठेवाव्यात. सकाळचे कोवळे ऊन, थंडीतील ऊब आणि धान्य, मिरच्या, पापड-कुरडया वाळविण्याची जागा त्यामुळे राहते.

अंतराविषयी नियम असा करावा. मुरमाड जमिनीत भिंतीपासून पंधरा ते वीस फूट. काळ्या जमिनीत पंचवीस ते तीस फूट. कारण ही माती पाण्याने फुगते व सुकली की आकसते, आणि उन्हाळ्यात मोठ्या झाडाने पायाजवळचा ओलावा ओढून घेतला म्हणजे पाया खचून भिंतीस भेगा पडतात. विजेच्या तारांखाली झाड लावू नये. तारांसाठी दरसाल त्याचा शेंडा उतरवितात व झाड कायमचे कुबडे होते. शौचालयाच्या शोषखड्ड्यापासून व नळाच्या जोडापासूनही दूर राहावे, कारण मुळे ओलाव्याच्या शोधात तेथेच जातात. वड, पिंपळ, उंबर ही पूज्य व थोर झाडे आहेत, त्यांची जागा देवळापाशी व पाराशी. घराच्या आवारात त्यांची मुळे भिंतीत शिरतात.

लावणी सोपी आहे. वैशाखात दोन ते अडीच फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा. गाळाची माती व चांगले कुजलेले शेणखत यांनी तो भरावा, आणि दोन-तीन पाऊस झाल्यावर रोप लावावे. निंबाचे रोप विकत घेण्याचेही कारण नाही. पिकून पडलेल्या निंबोळ्यांचा गर धुऊन त्या लगेच पिशवीत पेराव्यात. दोन-तीन आठवडे ठेवल्या तर उगवण पार घटते. पहिली दोन वर्षे शेळीपासून जपण्यास काटेरी कुंपण हवे. रोपाच्या बुडापासून वीतभर अंतरावर बुडास भोक पाडलेले मडके पुरून त्या भोकात चिंधीची वात घालावी व मडके आठवड्यातून दोनदा भरावे. वरून आळ्यात पालापाचोळा पसरावा. एवढ्यावर रोप उन्हाळा काढते. तिसऱ्या वर्षी खालच्या फांद्या डोक्याच्या उंचीपर्यंत उतरवाव्या, त्याहून अधिक छाटू नये. ज्या झाडाखाली बसावयाचे त्याच्या बुडाशी सिमेंटचा घट्ट ओटा बांधून त्याचा गळा आवळू नये. तीन-चार फूट माती मोकळी ठेवावी.

यावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, निंबास वेळ लागतो. वस्तुतः बऱ्या जमिनीत तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो माणसाच्या दुप्पट उंचीचा होतो आणि सात-आठ वर्षांत खाट टाकण्याजोगी सावली देतो. तोवरची सोय म्हणून शेवगा किंवा हादगा लावावा, अथवा मांडव घालून त्यावर दोडका-दुधीचे वेल सोडावेत. भाजी मिळेल व घाईही भागेल. जे आपल्या हयातीत पुरते वाढणार नाही ते लावावे कशाला, असे म्हणणाऱ्यास एवढेच विचारावे की, आजवर तो ज्या चिंचेखाली विसावला ती कोणी लावली होती. दुसरा आक्षेप कचऱ्याचा. पाला हा शेतकऱ्याने कचरा म्हणावा याचेच आम्हांस वाईट वाटते. तो खतखड्ड्यात जावा. आणि निंबोळ्या तर घरचे औषध आहे. वाळलेल्या निंबोळ्यांची पाच किलो भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्यात मिसळली म्हणजे पिकावरील मावा-तुडतुड्यांवर फवारण्याचा अर्क होतो. तिसरा आक्षेप जागेचा. ज्याची जागा खरोखरच अपुरी आहे त्याने दोन-तीन शेजाऱ्यांत मिळून गल्लीच्या पश्चिमेस एक झाड जोपासावे; एका झाडास तीन घरांचे पाणी मिळाले तर ते वाळत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी शेतकीच्या पुस्तकांत सापडत नाही, पण महसुली दप्तरात आयुष्य गेलेल्या माणसास सांगितल्यावाचून राहवत नाही. अंगणातील मोठे झाड वाळवीने किंवा वादळाने जितके मरते, त्याहून अधिक वाटणीने मरते. भाऊ विभक्त होतात, वाड्याच्या मध्यावरून सूत धरले जाते, आणि झाड नेमके सुताच्या रेषेवर निघते. मग थोरला म्हणतो, खोड माझ्या बाजूस. धाकटा म्हणतो, सावली माझ्या ओट्यावर, म्हणून अर्धे लाकूड माझे. दोघांचा तंटा तुटत नाही, तेव्हा दोघेही एका गोष्टीवर सहमत होतात, ती म्हणजे झाड तोडून लाकूड वाटून घेणे. चाळीस-पन्नास वर्षांची सावली एका दिवसात मोळ्या होऊन जाते, आणि पुढच्या वैशाखात दोन्ही घरांचे पत्रे सारखेच तापतात. अशी वाटणीपत्रे आम्ही कितीतरी पाहिली. त्यांत भांडी, बैलजोडी, विहिरीच्या पाण्याचे पाळीवार तास यांची बारकाईने नोंद असे; अंगणातील झाडाविषयी मात्र एक ओळही नसे. ती ओळ असती तर झाड वाचले असते.

म्हणून आमची सूचना आहे की, वाटणीपत्र करताना झाडाचे कलम निराळे घालावे. झाड सामाईक आहे. त्याच्या सावलीचा उपभोग सर्वांस आहे. फळ-निंबोळी अमुक हिश्शाने घ्यावी. फांद्या उतरविण्यास सर्वांची संमती लागेल. आणि झाड आपोआप पडेपर्यंत कोणीही ते तोडू नये, पडल्यास लाकूड सारखे वाटावे. विहिरीच्या पाण्याची पाळी जर कागदावर येऊ शकते, तर झाडाची सावली का येऊ नये ? आपल्या पूर्वजांस हे ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड जमविताना रयतेच्या आंबा-फणसांस हात लावू नये असे बजावले आहे, कारण ती झाडे वाढविण्यात रयतेचा दीर्घ काळ व जिव्हाळा खर्ची पडलेला असतो. राज्याच्या आरमाराने ज्या झाडास जपावे, ते आपण भावाभावांच्या हट्टापायी तोडावे काय ?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. परदेशी झाडाचा द्वेष करण्याचे कारण नाही. ज्याच्या त्याच्या भूमीत ते थोरच असते. पण अंगणातील झाडाची परीक्षा चैत्राच्या उन्हात व वैशाखाच्या वाऱ्यात होते, आणि त्या परीक्षेत निंब, करंज, भेंडी ही आपली माणसे पिढ्यान् पिढ्या उतरलेली आहेत. या मृगात प्रत्येक वाचकाने घराची पश्चिम बाजू पावलांनी मोजावी, तारा व शोषखड्डा टाळून एक जागा नक्की करावी, आणि गावातील जुन्या निंबाखालच्या मूठभर निंबोळ्या तेथील रोपासाठी गोळा कराव्यात. खर्च काही नाही. लागेल ती दोन उन्हाळ्यांची राखण. आणि ज्यांच्या घरी जुने झाड उभे आहे, त्यांनी ते कागदावर आणावे. लावलेल्या झाडाइतकेच वाचविलेले झाडही पुण्याचे; किंबहुना अधिक, कारण त्याची सावली आजच मिळते.

— एक निवृत्त महसुली कारकून